उमेदवारीची पायरी

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, व्हर्ड्यूगो डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या बरबँक गावात वॉल्ट डिस्ने याने ‘स्नो व्हाइट’च्या उत्पन्नातून १९४० च्या सुमारास आपली नवी चित्रशाळा उभारली, आणि तेव्हापासून या गावाचा व अमेरिकेतील ॲनिमेशनचा योगक्षेम एकमेकांत इतका गुंतून गेला आहे की, कोणत्या स्टुडिओत कोणती मालिका मंजूर झाली आणि कोणती बंद पडली याची खबर येथील कॉफीच्या दुकानदारालाही वर्तमानपत्राच्या आधी असते. या गावात स्टोरीबोर्ड आर्टिस्ट म्हणून उपजीविका करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. अलीकडे मुंबईपुण्याच्या आप्तांशी बोलणे निघाले, आणि येथील परिस्थितीविषयी मी काळजीचा सूर काढला, की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘इनसाइड आउट २’ने २०२४ साली जगभरात दीड अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला जमविला, ‘झूटोपिया २’ने २०२५ च्या अखेरीस तशीच कमाई केली, ‘केपॉप डीमन हंटर्स’ तर नेटफ्लिक्सवर सर्वांत अधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला, असे असता तुमच्या धंद्यास उतरती कळा लागली असे तुम्ही कसे म्हणता?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे मला अगत्याचे वाटते. चित्रपटांच्या कमाईस उतरती कळा लागलेली नाही हे खरेच आहे; परंतु ज्या पायऱ्या चढून एखादा मनुष्य असा चित्रपट करण्याच्या योग्यतेस पोहोचतो, त्या पायऱ्या एकामागून एक काढून घेतल्या जात आहेत, आणि माझी सारी चिंता त्या पायऱ्यांविषयी आहे.

माझी स्वतःची उमेदवारी मुंबईत, अंधेरीच्या एका चित्रशाळेत, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाली. लॉस एंजेलिसहून कुरियरने मोठमोठी पुडकी येत. त्यांत अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या एका भागाचा स्टोरीबोर्ड, पात्रांची मॉडेल-शीटे आणि प्रत्येक चित्र किती फ्रेमपर्यंत टिकवायचे याचा तपशील लिहिलेली एक्स-शीटे असत. एका सेकंदास २४ फ्रेमा. सामान्यतः एक चित्र दोन फ्रेमा टिकते असे धरले तरी एका सेकंदास १२ चित्रे लागतात. त्यांपैकी हालचालीचे मुख्य टप्पे दाखविणारी चित्रे वरिष्ठ ॲनिमेटर काढी, आणि मधली सारी आम्हां इनबिटवीनरांच्या वाट्यास येत. आमच्या सुपरवायझरांना आम्ही सारे मास्तर म्हणत असू. खिळपट्टीवर बसविलेली आमची पाने ते बोटांत धरून फडफडवीत, आणि पात्राने हात वर उचलल्याचा भास होताच थांबून विचारीत, “हात उचलला, ठीक आहे. पण वजन कुठंय रे त्याचं?” हा प्रश्न शेकडो वेळा ऐकल्यावर मग केव्हातरी हाताच्या आधी खांदा हलतो, खांद्याच्या आधी कंबर हलते, आणि वळणारे मस्तक सरळ रेषेत न जाता किंचित खाली झुकून कमानीतून जाते, ही गोष्ट बुद्धीस पटण्यापूर्वीच हातास उमगली.

मास्तरांची विद्या मुळात बरबँकचीच होती. डिस्नेच्या चित्रशाळेतील क्लेअर वीक्स हा ॲनिमेटर १९५६ साली मुंबईस आला, आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात त्याने जी मंडळी तयार केली, त्यांत पुढे भारतीय ॲनिमेशनचे आधारस्तंभ ठरलेले राम मोहन हे होते. त्या परंपरेच्या पुढच्या पिढीत मास्तर आले, आणि मास्तरांच्या हाताखाली आम्ही. असे हे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले ज्ञान होते. पुस्तके तेव्हाही उपलब्ध होती आणि आज तर ती अगणित आहेत. परंतु पान फडफडवून वजनाचा जाब विचारणारा मनुष्य पुस्तकात नसतो.

आमच्यापर्यंत येणारी ती पुडकी कोणाच्या तरी मेजावरून उचलली गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा, बरबँकला आल्यावर समजले. माझ्या पहिल्या नोकरीत एक वयोवृद्ध टाइमिंग डायरेक्टर माझ्या शेजारच्या खोलीत बसत. त्यांनी तारुण्यात असिस्टंट ॲनिमेटर म्हणून काम केले होते, आणि संघटनेचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. १९४१ च्या मे महिन्यात डिस्नेच्या फाटकासमोर उभ्या राहिलेल्या संपाची हकीगत त्यांनी आपल्या वरिष्ठांकडून ऐकली होती; १९५२ साली सनद मिळालेल्या ८३९ क्रमांकाच्या शाखेचे, म्हणजे आजच्या ॲनिमेशन गिल्डचे, ते जुने सभासद होते; आणि १९७९ व १९८२ चे संप त्यांनी स्वतः केले होते. त्या दोन्ही संपांचे मूळ एकच होते. ॲनिमेशनचे काम तैवान, कोरिया अशा देशांत स्वस्त मजुरीने करवून घेण्याची वहिवाट तेव्हा पडू लागली होती, आणि येथील कारागिरांना काम पुरेपर्यंत ते परदेशी पाठवू नये, असे कलम संघटनेने १९७९ साली लढून मिळविले. तीन वर्षांनी मालकपक्षाने त्याच कलमावर बोट ठेवले, दुसरा संप झाला, तो दहा आठवडे चालून मोडला, आणि कलम गेले. हे सांगताना त्यांच्या स्वरात माझ्याविषयी किंतु नव्हता. मी ज्या कामावर वाढलो ते त्यांच्या सोबत्यांचे गेलेले काम होते हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते, आणि तरीही एक्स-शीट कशी भरावी हे त्यांनी मला जवळ बसवून, मास्तरांच्याच चिकाटीने शिकविले. त्या माणसाच्या थोरवीपुढे माझी मान आजही लवते.

त्यांच्या सांगण्यातील एक मुद्दा मी तेव्हा केवळ ऐकून घेतला, त्याचे महत्त्व आज पटते. ते म्हणत की, १९८२ नंतर हातकाम गेले तरी विचाराचे काम येथेच राहिले: कथा, पात्ररचना, पार्श्वभूमीचे आराखडे, स्टोरीबोर्ड आणि टाइमिंग. सबब इनबिटवीनरचा जुना दरवाजा बंद झाला, तेव्हा तरुणांना आत येण्यासाठी हळूहळू दुसरा दरवाजा तयार झाला. कला महाविद्यालयातून आलेला मुलगा आधी प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून रुजू होई, मग स्टोरीबोर्ड रिव्हिजनिस्ट, मग स्टोरीबोर्ड आर्टिस्ट, आणि दैवाने व गुणाने साथ दिली तर दिग्दर्शक. मीदेखील येथे याच दरवाजाने आत आलो.

रिव्हिजनिस्टचे काम काय असते ते बाहेरच्यांस क्वचितच माहीत असते. अकरा मिनिटांच्या एका भागासाठी स्टोरीबोर्ड आर्टिस्ट हजाराच्या आसपास चौकटी काढतो. कॅमेरा कोठे आहे, पात्र कोठून येते, विनोदाचा क्षण कोणत्या चौकटीवर पडतो, हे सारे तेथे प्रथम ठरते. मग दिग्दर्शक तो पाहतो, लेखक पाहतात, वाहिनीचे अधिकारी पाहतात, आणि प्रत्येकाच्या सूचनांची यादी रिव्हिजनिस्टच्या मेजावर येते. अमुक चौकटीत मुलीचा राग अधिक वाटतो, तो कमी करा. तमुक ठिकाणी प्रेक्षकास दार दिसत नाही, म्हणून पुढचा विनोद फुकट जातो. दोन पात्रांना जोडणाऱ्या मानीव रेषेच्या भलत्या बाजूस कॅमेरा गेल्यामुळे ती एकमेकांकडे पाहतात असे वाटत नाही. वरवर पाहता ही किरकोळ डागडुजी आहे. परंतु दुसऱ्याच्या चौकटीतील दार दोन बोटे सरकवताच अख्ख्या प्रसंगाला अर्थ येतो, हा अनुभव दिवसामागून दिवस घेतल्याने जो डोळा तयार होतो, तो अन्य कोणत्याही उपायाने तयार झालेला मी पाहिलेला नाही. अनुभवी दिग्दर्शक सूचना देताना कारण सांगतो, आणि ते कारण ऐकण्याची मुभा रिव्हिजनिस्टला असते. माझ्या मते त्याच्या मेहनतान्याचा अर्धा भाग तो हाच.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे नटनट्यांचे चित्रीकरण बंद पडले, तेव्हा आम्ही संगणक आणि चित्रफलक घेऊन घरी गेलो व काम एक दिवसही थांबले नाही. प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या नव्या वाहिन्यांमध्ये तेव्हा मालिका मिळविण्याची अहमहमिका लागली होती, आणि ज्याला बरी रेघ ओढता येई त्याला काम होते. हा काळ फार टिकला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सने आपले दोन लाख ग्राहक घटल्याचे जाहीर केले, एका दिवसात त्या कंपनीच्या समभागाची किंमत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरली, आणि त्याच सुमारास तेथील ॲनिमेशनचे अनेक प्रकल्प गुंडाळले गेले. ऑगस्टमध्ये ‘इन्फिनिटी ट्रेन’सारख्या पूर्ण झालेल्या, प्रेक्षकांस प्रिय असलेल्या मालिका एचबीओ मॅक्सवरून काढून टाकण्यात आल्या, स्कूबी-डूचा एक चित्रपट बहुतांशी तयार असताना प्रदर्शनावाचून रद्द झाला. कार्टून नेटवर्क स्टुडिओने २००० सालापासून नांदविलेली बरबँकची इमारत २०२३ साली रिकामी झाली. २०२४ च्या मे महिन्यात पिक्सारने शेकडा १४ लोक कमी केले. ग्लेन्डेलच्या ड्रीमवर्क्समध्ये ‘द वाइल्ड रोबॉट’ हा सर्वस्वी आपल्याच आवारात घडविलेला अखेरचा चित्रपट ठरला. ज्याने काही वर्षे खपून केलेली निर्मिती केवळ हिशेबाच्या सोयीसाठी कायमची दृष्टीआड होते, त्या कलावंतास किती खोल जखम होते, हे मी निकटच्या मित्रांच्या चेहऱ्यांवर वाचले आहे.

मी ज्या मालिकेवर होतो तिचा दुसरा हंगाम अर्ध्यावर असताना बंद करण्यात आला. पडद्यावरच्या बैठकीत एक अपरिचित अधिकारी आले, त्यांनी लिहून आणलेला मजकूर वाचला, आणि सायंकाळी आमचे दफ्तर आम्हांस उघडेनासे झाले. घर चालविण्यापेक्षाही पहिली चिंता पडली ती आरोग्यविम्याची. येथे हा विमा कामाच्या तासांवर अवलंबून असतो. सहा महिन्यांत ४०० तास भरले तर पुढील सहामाहीचे संरक्षण टिकते, गाठीस शिल्लक तास असतील तर त्यांवर काही काळ निभावते, आणि तेही संपले की दुखणे स्वतःच्या पदरचे. औषधोपचार चालू असलेल्या घरातील माणूस या ४०० तासांसाठी कोणते काम पत्करील आणि किती खालचे पत्करील, याला सीमा नाही.

आणि माझ्या मुद्द्याचे मर्म येथेच आहे. काम आटले तेव्हा दिग्दर्शकाने स्टोरीबोर्ड आर्टिस्टची जागा धरली, स्टोरीबोर्ड आर्टिस्टने रिव्हिजनिस्टची, आणि रिव्हिजनिस्टला जागाच उरली नाही. वीस वर्षे मालिका चालविलेली माणसे आज दुरुस्तीच्या कामासाठी अर्ज करतात. त्यांना कोणी दोष देऊ नये. मी स्वतः तसे अर्ज केले आहेत. परंतु शाळेतून नुकत्याच निघालेल्या मुलीचा अर्ज त्या ढिगाऱ्यात कोण उघडणार? शिवाय अंदाजपत्रक कमी झाले की निर्माते रिव्हिजनिस्टचे पदच गाळतात, आणि दुरुस्तीचा भार स्टोरीबोर्ड आर्टिस्टच्या त्याच मुदतीत कोंबतात. शनिवारी मी काही तरुणांची चित्रे पाहतो. त्यांच्यातील कित्येकांच्या रेषेत त्या वयातील माझ्या रेषेपेक्षा अधिक जीव आहे. त्यांची चित्रे पाहणारा माझ्यासारखा एखादा मनुष्य त्यांना लाभतो. त्यांना दररोज सूचना देणारा, कारण सांगणारा दिग्दर्शक लाभत नाही.

‘केपॉप डीमन हंटर्स’चे उदाहरण मला यासाठी लक्षणीय वाटते. त्याच्या दिग्दर्शकद्वयापैकी मॅगी कँग या पहिल्यांदाच दिग्दर्शन करीत होत्या, आणि त्यांचे यश एका चित्रपटात आकाशातून पडलेले नाही; त्यांनी ड्रीमवर्क्समध्ये स्टोरी आर्टिस्ट म्हणून वर्षानुवर्षे इतरांच्या चित्रपटांचे प्रसंग रेखाटले होते. सोनीच्या चित्रशाळेतून निघालेल्या या चित्रपटाचे प्रत्यक्ष ॲनिमेशन कॅनडात, व्हँकूवर आणि माँट्रियल येथे झाले. तेथील सरकारे करांत भरघोस सवलत देतात, चलनाचा भाव निर्मात्यास अनुकूल पडतो, आणि तेथील कलावंत उत्कृष्ट आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदराखेरीज काहीही नाही. आता विचाराचे काम, म्हणजे स्टोरीबोर्डही, त्याच वाटेने जाऊ लागले आहे, आणि ज्या गावी काम जाते त्या गावाचे तरी भले होते असा दिलासा घ्यावा, तर तोही खरा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही जुनी पेढी कोसळली तेव्हा लंडन, माँट्रियल यांच्याबरोबर बंगळूर आणि मुंबई येथील हजारो कलावंत एकाच आठवड्यात बेकार झाले. मुंबईच्या एका धाकट्या मित्राचा त्या रात्री दूरध्वनी आला. “दादा, तिकडं काही आहे का?” असे त्याने विचारले. त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते; एका महिन्यापूर्वीच आल्टाडीनाच्या वणव्यात माझ्या सहकाऱ्यांची घरेदारे जळाली होती, आणि त्यांच्यासाठी काम शोधण्यातच आमचे सारे बळ खर्ची पडत होते.

यंत्रबुद्धीचा विषय टाळता येत नाही. ड्रीमवर्क्सचे एक संस्थापक जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर सभेत असे सांगितले की, पूर्वी उत्तम ॲनिमेशनपटास ५०० कलावंतांची पाच वर्षे लागत, आणि लवकरच त्याच्या एक दशांशही लागणार नाहीत. हे भाकीत कितपत खरे ठरेल याचा वाद मी करीत नाही. यंत्राकडून प्रथम कोणती कामे करून घेण्याची तजवीज चालली आहे, तेवढे मी पाहतो: मधली चित्रे, रेषा साफ करणे, रंग भरणे, पार्श्वभूमीची रूपांतरे, चौकटीतील किरकोळ दुरुस्त्या. ही नेमकी उमेदवारांची कामे आहेत. मुख्य चित्र काढणारा अनुभवी कलावंत तूर्त राहील असे आश्वासन दिले जाते, आणि ते प्रामाणिकही असेल. परंतु तो वृद्ध झाल्यावर त्याच्या जागी बसणारा कोठून येणार, या प्रश्नाला कोणत्याही अधिकाऱ्याने मला अद्याप उत्तर दिलेले नाही.

२०२४ च्या १० ऑगस्टला, कराराच्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी, बरबँकमध्ये जो मेळावा भरला त्यात मी होतो. उन्हात उभ्या असलेल्या त्या हजारो माणसांत नव्वदीच्या दशकातील दिग्दर्शक होते, रंगकाम करणाऱ्या वृद्ध स्त्रिया होत्या, आणि ज्यांना अद्याप संघटनेचे सभासदत्वही मिळालेले नव्हते अशी मुले होती. नोव्हेंबरात मसुदा तयार झाला. वेतनात तीन वर्षांत अनुक्रमे शेकडा ७, ४ आणि साडेतीन वाढ मिळाली. यंत्रबुद्धीच्या कलमाखाली मालकाने तिचा वापर कळवावा व कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून विचारविनिमय करावा इतके बंधन आले. ती वापरण्यास नकार देण्याचा हक्क आला नाही. वाटाघाटी समितीतील काही सभासदांनीच उघडपणे विरोधाचे आवाहन केले, तरी डिसेंबरात सुमारे शेकडा ७६ मतांनी करार मंजूर झाला. मी होकाराचे मत दिले. निम्मी माणसे बेकार असताना पुकारलेला संप कसा मोडतो हे मी ज्यांच्याकडून ऐकले होते, ते आता हयात नाहीत. परंतु त्यांच्या तोंडून ऐकलेले १९८२ चे दहा आठवडे मत देताना माझ्या डोळ्यांपुढे होते.

२०२५ च्या जुलैत कॅलिफोर्निया सरकारने चित्रपटांसाठीच्या करसवलतीची वार्षिक रक्कम ३३ कोटींवरून ७५ कोटी डॉलरांवर नेली, आणि पूर्वी वगळलेल्या ॲनिमेशनला प्रथमच तीत स्थान दिले. याचे मी मनापासून स्वागत करतो, कारण काम येथे राहिले तरच पुढचे काही शक्य आहे. परंतु काम राहिले म्हणजे उमेदवारी राहिली असे होत नाही. अनुभवी पाचजण घेऊनही मालिका उरकता येते, आणि सध्याच्या टंचाईत ती तशीच उरकली जाईल. चालू कराराची मुदत २०२७ च्या ३१ जुलैला संपते. तत्पूर्वी संघटनेच्या सभेत मी जी मागणी मांडणार आहे तिचा खर्डा मी आताच केला आहे: प्रत्येक मालिकेच्या प्रत्येक हंगामात निदान दोन रिव्हिजनिस्ट नेमले जावेत, त्यांपैकी एकाचा तो पहिलाच करार असावा, दिग्दर्शक ज्या बैठकीत सूचना देतो तीत दोघांनाही बसण्याचा हक्क असावा, आणि त्या बैठकीचे तास वेतनाच्या व विम्याच्या हिशेबात धरले जावेत. वेतनवाढीचा अर्धा टक्का त्यासाठी सोडावा लागला तरी तो सोडावा, असे मी सभेला सांगणार आहे. काही जुने सोबती याला राजी नाहीत. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.